वही दप्तरातच राहू दे!

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं, की दुसरी-तिसरीच्या मुलांना स्पॅनिश शिकवताना पहिले काही महिने वही उघडूच नये. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही चक्क रागावलेली. आज त्यातली पाच घेते. नावं छापत नाही, गावं छापते.

मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. यंदा दुसरी-तिसरीला आठवड्यातून दोन तास स्पॅनिश लावलंय आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. माझी स्पॅनिशची ए-टू पातळी, म्हणजे सुरुवातीची दुसरी पायरी, झाली आहे. शाळेने दिलेलं पुस्तक मुळाक्षरं आणि क्रियापदांच्या तक्त्यांनी सुरू होतं. वही नको म्हणता, तर पहिल्या तासाला करायचं काय?
— शिक्षिका, नाशिक

पुस्तक कपाटात ठेवा. टाकू नका, पाचवीला उपयोगी पडेल.

पहिल्या तासाला मुलांना उभं करा. ‘लेवान्तेन्से’ म्हणा आणि स्वतः उठा, ‘सियेन्तेन्से’ म्हणा आणि बसा. ‘साल्तेन’ म्हटलं की उड्या, ‘तोकेन ला मेसा’ म्हटलं की बाकाला हात. मुलांनी बोलायचं नाही, नुसतं करायचं. दहा मिनिटांनी तुम्ही हात मागे बांधून फक्त बोला. कुणाच्या कानात काय शिरलं ते लगेच दिसतं. ही युक्ती माझी नाही. कॅलिफोर्नियातल्या सान होसेचे मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं साधं होतं: मूल आईची भाषा शिकतं तेव्हाही ‘इकडे ये’, ‘ते खाली ठेव’, ‘तोंड उघड’ हे आधी ऐकतं, त्याप्रमाणे वागतं आणि बोलतं फार नंतर. तुमचं ए-टू याला पुरून उरेल.

वहीवर माझा राग आहे तो रोमन लिपीमुळे. नाशिकच्या मुलाच्या तोंडात स्पॅनिशचे त आणि द आधीपासूनच आहेत, दातांना जीभ लावून म्हणायचे, आपलेच. अमेरिकन मुलाकडून ते घोटून घ्यावे लागतात. पण हेच आपलं मूल फळ्यावर इंग्रजीचा टी बघतं आणि ‘ताको’चा ‘टाको’ करतं. एच तर स्पॅनिशमध्ये मुकाच असतो. नमस्काराला कानाने शिकलेलं मूल ‘ओला’ म्हणतं, वाचून शिकलेलं ‘होला’, आणि तो ‘हो’ मग काही केल्या जात नाही. वर्णमाला म्हणताना ज्या ‘ञ’ला आपण ओलांडून पुढे जातो, तो स्पॅनिशमध्ये पावलोपावली लागतो: निन्यो, मान्याना, एस्पान्योल. वर्गात काय शिकलं ते घरी पालकांना कळवायचं असेल तर देवनागरीत दोन ओळींची चिठ्ठी द्या. लिहिणं-वाचणं दुसऱ्या सत्रात आणा. तोवर शब्द कानात पक्के बसलेले असतात आणि लिपी त्यांना बिघडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट, स्पॅनिश इंग्रजीतून शिकवू नका. पुस्तकं ‘आय लाइक’पासून निघतात आणि मग आवडणारी वस्तू इथे कर्ता कशी होते हे पानभर समजावत बसतात. तुमच्या वर्गाला म्हणा: मला आंबा आवडतो, मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मांगोस. संपलं. लिंगाचंही तसंच. टेबल स्त्रीलिंगी कसं, असं इंग्रजी बोलणारं मूल हटकून विचारतं. आपल्या मुलांना निर्जीव वस्तूंना ‘तो-ती-ते’ लावायची सवय आहे, एक लिंग कमी झालं म्हणून ती उलट खूश होतात. फक्त शब्द सुटा देऊ नका, लिंग दाखवणारं ‘एल’ किंवा ‘ला’ लावूनच द्या. ‘मेसा’ नाही, ‘ला मेसा’. ‘लिब्रो’ नाही, ‘एल लिब्रो’. शाळेत मराठी बोलायला बंदी असेल तर दार लावून घ्या.

वर्गात एक नियम मात्र कडक ठेवा. बाथरूमला जायचं असेल तर ‘पुएदो इर अल बान्यो?’ असं विचारल्याशिवाय परवानगी नाही. एवढं लांब वाक्य इतक्या झटपट पाठ झालेलं तुम्ही दुसरं कुठलं बघणार नाही.

शब्दांसाठी मेक्सिकोचा ‘लोतेरिया’ हा खेळ आणा. हाउझीसारखाच, पण आकड्यांऐवजी चित्रं. ५४ पत्ते, प्रत्येकाच्या पाटीवर १६ चित्रं, पुकारणारा ओरडतो आणि मुलं त्या चित्रावर शेंगदाणा नाही तर राजमा ठेवतात. कोंबडा, चंद्र, छत्री, बेडूक, कलिंगड, शिडी असे मजेदार शब्द त्यात आहेत. मूळ संचात दारुडा, सैतान आणि मृत्यूही आहेत, ते आधी काढून ठेवा, नाहीतर पालकसभेत उत्तरं द्यावी लागतील. हात म्हणजे ‘ला मानो’ हाही एक पत्ता. ओने संपणारे शब्द बहुधा पुल्लिंगी, आणि हा शेवटी ओ असून स्त्रीलिंगी! हे तुम्ही सांगू नका. एखादा चौकस मुलगा पकडेल, त्याला पकडू द्या.

आणि तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक सुचवते. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात, प्रत्येक ठोक्याला एक. जानेवारीत तुमच्याकडे द्राक्षं येऊ लागली की वर्गात हे करा, एक ते बारा आकडे मोजत. लहान मुलांना द्राक्ष घशात अडकू शकतं, तेव्हा उभी चिरून द्या आणि घाई करू देऊ नका.

वर्षाअखेर मुलांना नमस्कार-चमत्कार, नाव-वय, तीसपर्यंत आकडे, रंग, शरीर, घरची माणसं, खाणं आणि काही हुकूम एवढं बिनधास्त यायला लागलं, तर मुख्याध्यापकांपुढे ताठ मानेने उभ्या राहा.

मुलगी सात वर्षांची आहे, इंग्रजी माध्यमात. मराठी वाचताना अजून अडखळते. शाळा आता फ्रेंच किंवा स्पॅनिश निवडायला सांगतेय. डोक्यात गोंधळ होणार नाही का? आणि घ्यायचंच तर कोणती?
— आई, कोथरूड

गोंधळ होत नाही. बेळगावात मुलं मराठीत भांडतात आणि कानडीत समेट करतात, त्यांचं काही बिघडलेलं नाही. पण आठवड्यातल्या एका तासाने भाषा येते असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्यातून कान तयार होतो, अनोळखी आवाजाची भीड जाते आणि जगात वीस देश ही भाषा बोलतात, त्यातला एक आफ्रिकेतही आहे (इक्वेटोरियल गिनी), एवढं कळतं. मला ते पुरेसं वाटतं. तुम्हाला वाटतं का, ते तुम्ही ठरवा.

निवड विचारलीत तर स्पॅनिश. लिहिलं तसं वाचलं जातं, जवळजवळ देवनागरीसारखं. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं कागदावरच राहतात. पण संध्याकाळचा एकच मोकळा अर्धा तास हातात असेल, तर तो मराठी वाचनाला द्या. स्पॅनिशच्या शिक्षिकेने हे म्हणू नये, तरी म्हणते.

बालवाडीपासूनच्या स्पॅनिश-इंग्रजी दुभाषिक वर्गात सोडतीने मुलाचा नंबर लागला. पहिल्या वर्षी नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये असेल. घरी आम्ही मराठी बोलतो. सासूबाई म्हणतात, पोराचं इंग्रजी कच्चं राहील.
— आई, डॅलसजवळ, टेक्सास

मिळालेली जागा सोडू नका. या नव्वद-दहा पद्धतीत इंग्रजीचा वाटा दरवर्षी वाढत जातो आणि चौथी-पाचवीपर्यंत निम्मानिम्मा होतो. पहिली-दुसरीत शेजारच्या मुलापेक्षा इंग्रजी वाचन मागे दिसेल. तेव्हा घाबरून वर्ग बदलणारे पालक मी पाहिलेत, आणि तीच खरी हानी असते. ज्याने वाचनाची किल्ली एका भाषेत मिळवली, त्याला दुसरीत ती नव्याने घडवावी लागत नाही. शिवाय बाहेर अख्खं टेक्सास इंग्रजी शिकवायला बसलेलंच आहे.

सासूबाईंना सांगा, हे काल निघालेलं खूळ नाही. १९६३ मध्ये मायामीच्या कोरल वे प्राथमिक शाळेत क्युबातून आलेल्या निर्वासितांची मुलं आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकत्र घेऊन दोन्ही भाषांत शाळा सुरू झाली.

शाळेला दोन गोष्टी मात्र विचारा. वर्गात घरी स्पॅनिश बोलणारी मुलं किती? निम्मी असतील तर उत्तम, कारण मूल बाईंपेक्षा शेजारच्या बाकावरून जास्त शिकतं. आणि पाचवीनंतर पुढे काय? पुढे सोय नसेल तर एवढ्या वर्षांची भाषा दोन-तीन वर्षांत गंजते.

घरची मराठी अजिबात सोडू नका. मदत व्हावी म्हणून मोडकं स्पॅनिश बोलायलाही जाऊ नका. ते शाळा बघेल. आज काय शिकलास ते त्याला मराठीत सांगायला लावा. त्याला मराठी शब्द सापडला नाही की तुम्ही द्या, तुम्हाला स्पॅनिश शब्द नसेल तर त्याला देऊ दे. आईला काही येत नाही आणि आपल्याला येतं, यासारखं टॉनिक नाही.

आणखी एक, न विचारलेलं. आपल्यातल्या काही घरांत स्पॅनिश म्हणजे गवत कापायला नि घर साफ करायला येणाऱ्यांची भाषा, असा एक सूर असतो. तो मुलाच्या कानावर पडू देऊ नका. त्या माणसांना त्याने ‘ब्वेनोस दियास’ म्हणावं, आणि मोठ्यांशी बोलताना ‘तू’ न म्हणता ‘उस्तेद’ म्हणावं. अहो-जाहो शिकलेल्या घरातलं मूल, त्याला हे दोनदा सांगावं लागणार नाही.

सप्टेंबरात मुलीच्या शाळेत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या लोकांचा, वारसा महिना सुरू होतो. तिसरीच्या वर्गाला मी पालक म्हणून चाळीस मिनिटं देणार आहे. मेक्सिकन थाटाच्या मोठ्या टोप्या, चिकटवायच्या मिशा आणि टाको ठरवलेत. अजून काय करू?
— पालक, एडिसन, न्यू जर्सी

मिशा दुकानात परत करा.

न्यू जर्सीत पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेली कुटुंबं भरपूर आहेत. त्या घरांत ना ती टोपी असते, ना टाको. तिथे भात-उसळ असते आणि कच्च्या केळ्याचे तळलेले काप, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरापासून फार लांब नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी आपल्या मुलांना सापवाल्याची पुंगी देऊन बसवलं तर कसं वाटेल? वर्गात कुणाची आजी तिथली असेल तर तिला दहा मिनिटं बोलवा. तुमचा भार हलका होईल.

हा महिना १५ सप्टेंबरला, म्हणजे महिन्याच्या मध्यावर का सुरू होतो, हे मुलांना विचारा. कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वातेमाला, होन्दुरास आणि निकाराग्वा या पाचही देशांचा तो स्वातंत्र्यदिन. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा, १८ ला चिलीचा. अमेरिकेत १९६८ मध्ये हा आठवडा होता, १९८८ मध्ये महिना झाला. यावर दोन मिनिटं पुरे.

बाकीचा वेळ टेबलावर वस्तू मांडा: टोमॅटो, मिरची, बटाटा, मक्याचं कणीस, चॉकलेट, पेरू, झेंडूचं फूल. यातलं मूळचं भारताचं काय, असा प्रश्न टाका. मुलं मिरचीवर बोट ठेवतील, तुमची मुलगी झेंडूवर ठेवेल. उत्तर: काहीच नाही. सगळं अमेरिका खंडातलं. १४९२ नंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी ते जगभर नेलं, आणि मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगिजांबरोबर. मग एकेक वस्तू वर धरून ‘तोमाते’, ‘पापा’, ‘माईस’, ‘चोकोलाते’ म्हणवून घ्या. खायला काही देणार असाल तर ॲलर्जीचे नियम बाईंना आधी विचारा.

झेंडू टेबलावर आहेच, तर नोव्हेंबरबद्दलही सांगा. मेक्सिकोत १ आणि २ तारखेला गेलेल्या माणसांसाठी घरात वेदी मांडतात, फोटो, पाणी, त्यांच्या आवडीचे पदार्थ, आणि वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांचा रस्ता. याला मेक्सिकोचं हॅलोवीन म्हणू नका, ते तसं नाही. पितृपक्षात पान वाढलेलं पाहिलेल्या तुमच्या मुलीला ते वर्गात सगळ्यात आधी कळेल, तिलाच सांगू द्या.

वेळ उरला तर उंदीर काढा. तिसरीत निम्म्यांचे दात पडत असतात. स्पेनमध्ये पडलेला दात उशीखाली ठेवला की रातोनसितो पेरेस नावाचा उंदीर तो नेतो आणि नाणं ठेवून जातो. छोटा राजा अल्फोन्सो तेरावा याच्यासाठी रचलेल्या गोष्टीतून तो घरोघरी पोचला, आणि गोष्टीतला उंदीर राहायचा त्या माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावर आठ नंबरला आज त्याच्या नावाची पाटी आहे. आम्ही लहानपणी उंदीरमामाला दात देऊन वर नवा मागायचो. नाणं ही कल्पना आम्हाला सुचली नाही, हे मोठंच नुकसान.

उच्चार स्पेनचा शिकवावा की मेक्सिकोचा? आणि आठ वर्षांच्या मुलासाठी कोणती परीक्षा चांगली? क्लासवाले प्रमाणपत्र देतो म्हणतात.
— वडील, ठाणे

शिक्षकाच्या तोंडात जो उच्चार असेल तो. माद्रिदमध्ये ‘ग्राथियास’, लॅटिन अमेरिकेत सगळीकडे ‘ग्रासियास’, आणि दोन्हीकडे चहा मिळतो. एकाच तासात दोन्ही नकोत, एवढंच.

परीक्षा कुठलीच नको. स्पेन सरकारच्या सेर्वान्तेस संस्थेची देले ही स्पॅनिशची परीक्षा जगभर मानली जाते. तिची शालेय आवृत्तीसुद्धा साधारण अकराव्या वर्षापासूनच्या मुलांसाठी आहे. क्लासचं स्वतःचं प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, त्यापलीकडे काही नाही. फी भरण्याआधी एक तास मागे बसून बघू द्या म्हणा. मुलं उठताहेत, ओरडताहेत, चुकताहेत असं दिसलं तर पैसे भरा. फळ्यावरून उतरवून घेताना दिसली, किंवा बसूच दिलं नाही, तर दुसरा क्लास शोधा.