ऊसपट्ट्यात बिबट्या फिरतोय, मळ्यातल्या वस्तीवर काय काळजी घ्यावी?

पहिलं म्हणजे 'पिंजरा लावा आणि लांब सोडून या' हा हट्ट सोडा. जुन्नरला 2001 नंतर हेच केलं होतं, धरलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले, पण हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढलेच, आणि रिकाम्या जागेत दुसरा येतोच की. त्याला उसात लपण मिळतं, वस्तीवर कुत्री, डुकरं, शेळ्या मिळतात, मग तो जाईल कशाला?

गोठा बंदिस्त करा, नुसतं कुंपण नको, वरूनही जाळी पाहिजे, कारण भिंतीवरून उडी मारून आत येणं त्याला काहीच नाही. अंधार पडल्यावर पोरांना अंगणात एकटं सोडू नका. रात्री पाणी धरायला जाताना (दिवसा लाईट दिली तर अर्धी कटकट मिटेल, पण ते असो) जोडीनं जा, बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा. उसात वाकून किंवा बसून काम करताना जास्त जपा, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

ऊसतोडीत बछडे सापडले तर उचलू नका, सेल्फी तर अजिबात नको, मादी जवळच असते. तोड थांबवा, वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनला फोन लावा. शेळी मारली असेल तर पंचनामा होईपर्यंत हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते.