तीन रंगांचं रेडियम (स्टिकरचं चिकट व्हिनाइल) एकावर एक कसं बसवायचं?

(प्रश्न : बाइकच्या टाकीसाठी वाघाचं तोंड काळ्या, केशरी, पांढऱ्या व्हिनाइलमध्ये कापलंय. डोळे दरवेळी सरकतात, काय करू?)

टाकीवर एकेक रंग चिकटवू नका. तिन्ही रंग टेबलावरच एका ट्रान्सफर टेपवर (कापलेलं व्हिनाइल उचलून दुसरीकडे लावायची हलकी चिकट टेप) जमवा आणि टाकीवर एकदाच लावा. रेडियमच्या दुकानात प्लॉटरवर, म्हणजे व्हिनाइल कापायच्या मशीनवर, बसतो, रोज हेच करतो. प्रत्येक रंगाच्या फाइलमध्ये डिझाइनबाहेर, अगदी त्याच जागी, दोन छोटे त्रिकोण ठेवून कापा. नको असलेलं व्हिनाइल सोलताना ते त्रिकोण मात्र राहू द्या. मग उलट्या क्रमाने उचलायचं: आधी सगळ्यात वरचे पांढरे डोळे टेपवर घ्या, ती टेप केशरीवर त्रिकोणावर त्रिकोण जुळवून ठेवा, स्क्वीजीने (दाबून घासायच्या चपट्या पट्टीने) दाबा, उचला, शेवटी काळा. टेप पारदर्शक घ्या, कागदी टेपमधून खूण नीट दिसत नाही. टाकीवर लावल्यावर त्रिकोण सोलून टाका.

काळा थर अखंड ठेवा आणि पट्ट्यांच्या जागी केशरीत भोकं पाडा, म्हणजे मिशीएवढ्या बारीक काळ्या रेषा वेगळ्या चिकटवाव्या लागत नाहीत. पांढऱ्याखाली मात्र काळा आला तर पांढरा मळकट दिसतो, तिथे काळ्यात खिडकी कापून फक्त कडेला मिलिमीटरभर चढू द्या. चमकीचं व्हिनाइल वापरायचं असेल तर सगळ्यात वरच; त्याच्या वरच्या खरखरीत बाजूवर दुसरं काही धरत नाही.

हे सपाट किंवा किंचित गोल भागाला चालतं. टाकीला खोल वळण असेल तर साधं कॅलेंडर्ड (लाटून बनवलेलं) व्हिनाइल आक्रसून कडा सोडतं, तिथे कास्ट (ओतून बनवलेलं) व्हिनाइलच घ्या.