एथिक्सचा क्लास राहू द्या, आधी त्या दाखल्याचं बघू

सोलापूरच्या एका वडिलांनी लिहिलंय: 'मुलगी यूपीएससी करतेय. सराव परीक्षेत एथिक्सच्या (नीतिशास्त्राच्या) पेपरला 250 पैकी 84. पुण्यात कुठला क्लास लावू? आणखी एक. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे, उत्पन्न साडेअकरा लाख. साडेसात दाखवून ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा) दाखला निघतो, सगळेच काढतात. पण ही अडून बसलीय. पेपरातलं तत्त्वज्ञान घरात आणू नकोस, एवढं तिला समजवा.'

नमस्कार.

नाही समजावणार. मार्कांपेक्षा मला तुमच्या शेवटच्या चार ओळींचीच काळजी वाटली.

ईडब्ल्यूएसची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक 8 लाख उत्पन्नाची, त्यात धंदा, पगार, शेती सगळं धरतात. घरची शेती पाच एकर किंवा फ्लॅट हजार चौरस फुटांचा, अथवा त्याहून मोठा असेल, तर उत्पन्न कमी असूनही दाखला मिळत नाही. यूपीएससीत त्यावर वयाची किंवा जादा प्रयत्नांची सवलतही नाही. दाखला खोटा ठरला तर निवड झाल्यावरही रद्द होते, आणि आयोगाच्या अर्जावर सही तिची असते, तुमच्या सीएची नाही.

'सगळेच काढतात' म्हणता. तत्त्वज्ञ कांट नेमकं हेच तपासायला सांगतो: सगळ्यांनीच खोटं उत्पन्न दाखवलं तर त्या दाखल्याला किंमत काय राहील? कृतीचे परिणाम मोजणाऱ्या बेंथॅम-मिलच्या पद्धतीने फायदा-तोटा मांडायचा तर ज्या गरीब घरच्या पोराची जागा जाईल, तोही हिशेबात धरावा लागतो. लोक चुकतात ते इथेच, फायदा घरचा मोजतात आणि तोटा कुणाचाच नाही. ॲरिस्टॉटल विचारेल, अशा सह्यांची सवय लागलेला माणूस उद्या कसा अधिकारी होईल? तिन्ही विचार एकच उत्तर देतात, म्हणजे यात पेच नाहीच, नुसता मोह आहे. खरा पेच कारखान्यात येतो. ऑर्डर घटली, एक कामगार कमी करायचाय. ज्याला कायम ठेवायचा शब्द दिलाय तो, की ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालतं तो? तिथे शब्द पाळणं एकीकडे ओढतं आणि परिणाम दुसरीकडे.

आता मार्क. एथिक्स म्हणजे थोर माणसांची वचनं, हा गैरसमज क्लासवालेच पसरवतात. तुम्ही पाठवलेल्या उत्तरांत अर्धं पान वचनांचं आहे आणि निर्णय शेवटच्या ओळीत, तोही 'योग्य ती कारवाई करेन' असा. केस स्टडीत, म्हणजे प्रसंग देऊन निर्णय विचारणाऱ्या प्रश्नात, आधी कुणाकुणावर परिणाम होतो ते लिहावं, मग दोन-तीन पर्याय, प्रत्येकात कुणाचं काय जातं ते, मग निवड आणि आज संध्याकाळपर्यंत करायचं पहिलं काम. सहा केसचे 120 गुण असतात. केसला 15 मिनिटं, उरलेल्या 13 प्रश्नांना जेमतेम सात-सात. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक आहे, तिथेही हा पेपर आहे, तयारी तीच.

क्लासचे पैसे वाचवा. अर्जात खुला प्रवर्ग भरू द्या. आणि दाखल्यावरून घरात झालेला वादच तिला केस म्हणून 250 शब्दांत लिहायला सांगा. तुमची बाजू तिने नीट मांडली पाहिजे, आणि तपासायला तुम्ही बसा.