तलवार गिळून पोट भरतं का?

तुमचा पुतण्या अमेरिकेत शिकायला गेला, तिथल्या जत्रेत तलवार गिळणारा बघून आला आणि आता ‘मला हेच करायचंय’ म्हणतोय. ही हातचलाखी असते की खरं, आणि यावर घर चालतं का, असं तुम्ही विचारलंय. मी मेरीलँडमध्ये एका रुग्णालयात १९ वर्षं एंडोस्कोपीच्या खोलीत काम करते. आपल्याकडे ज्याला ‘पोटात दुर्बीण टाकणं’ म्हणतात, तेच. त्यामुळे तलवारवाल्यांकडे बघायची माझी नजर जरा वेगळी आहे. उत्तर लांबणार, आधीच सांगते.

खरं असतं. पातं मुठीत सरकणाऱ्या नकली तलवारीही असतात, पण या मंडळींमध्ये त्यांना किंमत नाही. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ब्रायन विटकोम्ब हे डॉक्टर आणि डॅन मेयर हे स्वतः तलवार गिळणारे, अशा दोघांनी मिळून या धंद्यातल्या दुखापतींवर लेख लिहिला. (त्याला पुढच्या वर्षी इग्नोबेलही मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस.) त्यात ज्यांना घेतलं, त्यांच्यासाठी अट होती: पातं अखंड पोलादाचं, निदान २ सेंटीमीटर रुंद आणि ३८ सेंटीमीटर लांब. मोठ्या माणसाच्या दातांपासून जठराच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण ४० सेंटीमीटर. म्हणजे टोक जवळजवळ जठराच्या दारात पोचतं.

‘गिळणं’ हा शब्दच चुकीचा आहे, खरं तर. गिळताना घशाचे स्नायू आवळतात. इथे ते सैल सोडायचे असतात. मान मागे टाकून तोंड, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणायची, वरची झडप ढिली करायची आणि उमासा दाबून पातं त्याच्या वजनाने खाली जाऊ द्यायचं. छातीत ते हृदयाच्या अगदी मागून जातं. आमच्याकडे पेशंटला घसा बधिर करायचा फवारा आणि गुंगीचं औषध देतो, तरी बोटभर जाडीच्या लवचिक नळीला माणसं हात झटकतात. हे लोक जागेपणी, हसत, लोकांपुढे, न वाकणाऱ्या पोलादाने तेच करतात. शिकतात कसे? आधी घशात बोटं घालून, मग चमचा, विणायच्या सुया, प्लॅस्टिकची नळी, कपड्यांच्या हँगरची वाकवलेली तार. रोज, कित्येक महिने, कधी वर्षं. मेयर स्वतः सांगतात की पहिली तलवार नीट उतरायच्या आधी त्यांचे हजारो प्रयत्न फसले. पुतण्याला हे सांगा, आणि हेही सांगा की यातलं काहीही वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने करून बघायचं नाही. अन्ननलिकेला भोक पडलं की छातीत जंतुसंसर्ग होतो. ते कसं दिसतं हे मी बघितलंय.

आता मुख्य मुद्दा. त्या लेखात ४६ जणांची माहिती आहे. शिकताना घसा दुखणं हे तर ठरलेलंच. पण मोठ्या दुखापती कधी झाल्या ते बघा. एकाने वाकडी तलवार घालायचा प्रयत्न केला आणि घसा चिरला. दुसऱ्याच्या खांद्यावर मकाव पोपट बसवलेला होता. त्याने धिंगाणा केला, याचं लक्ष उडालं, अन्ननलिका कापली गेली. तिसरी बेली डान्सर होती. तीन पाती घशात असताना कुणी हौशी प्रेक्षक तिच्या कमरपट्ट्यात डॉलरच्या नोटा खोचायला गेला, तशी पाती कात्रीसारखी एकमेकांवर फिरली आणि प्रचंड रक्तस्राव झाला. आपण म्हणतो एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. या ४६ पैकी २५ जणांनी एकाच वेळी एकापेक्षा जास्त घातल्या होत्या, एकाने तर १६.

पोपट कशाला हवा होता? कारण एक साधी तलवार बघायला लोक दुसऱ्यांदा पैसे देत नाहीत. धोका घशात आहे त्याहून जास्त या हिशोबात आहे.

मिळकतीचं म्हणाल तर पूर्वी जत्रेत एकाच तंबूत दहा खेळ असायचे, त्यातला हा एक. पगार बेताचा, वरचे पैसे स्वतःचे फोटो विकून. ते तंबू आता जवळपास संपले. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एक संस्था ती परंपरा चालवते, बाकीचे रस्त्यावर टोपी फिरवतात किंवा महोत्सव, कॉलेजं, पार्ट्यांमधून कामं मिळवतात. फार थोड्यांचं पूर्णवेळ पोट यावर चालतं.

ज्याचं चाललं असा एक माणूस मी बघितलाय: जॉनी फॉक्स. आमच्याकडे क्राउन्सव्हिलला दरवर्षी ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत शनिवार-रविवारी रेनेसाँ महोत्सव, म्हणजे जुन्या युरोपच्या थाटातली जत्रा, भरतो. तिथे तीन दशकांहून जास्त काळ त्याचा खेळ होता. २०१७ च्या डिसेंबरमध्ये तो गेला. लोक पोरांना घेऊन यायचे, नंतर ती पोरं स्वतःच्या पोरांना. पण तो हातचलाखीतही तयार होता, आणि बोलण्यात तर विचारू नका. बाकावर बसलेल्या दोनशे माणसांना तो पाऊणएक वेळ नुसता हसवत ठेवायचा, तलवार शेवटी यायची.

उलट उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दक्षिण भारतातला रामो सामी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडला गेला. चेंडूंचे खेळ आणि तलवार गिळणं यांनी लंडन वेडं झालं, पुढे अमेरिकेतही त्याचे प्रयोग झाले. १८५० मध्ये तो वारला तेव्हा अंत्यसंस्काराला पैसे नव्हते. बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली. नाव एवढं मोठं, गाठीला दमडी नाही.

माझा स्वतःचा यात एक ऋणाचा धागा आहे. १८६८ मध्ये जर्मनीत फ्रायबर्गला आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने ४७ सेंटीमीटरची सरळ धातूची नळी जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत उतरवून आत बघितलं. नळी कुणाच्या घशात उतरली? तलवार गिळणाऱ्याच्या. उजेड पुरला नाही म्हणून फारसं दिसलं नाही, पण वाट आहे हे कळलं. १९०६ मध्ये म्युनिकला माक्स क्रेमरने अशाच एका कलाकाराला इलेक्ट्रोड (हृदयातली वीज टिपणारी धातूची पट्टी) गिळायला लावून अन्ननलिकेतून हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, घेतला. त्या कलाकारांची नावं आमच्या खोलीतल्या कुणालाही येत नाहीत.

पुतण्याला उगाच रागावू नका, तो चोरून करेल. या ऑगस्टमध्ये इकडे पाठवा, माझ्याकडे उतरू दे. महोत्सवात असा खेळ असेल तर पुढच्या बाकावर बसवते आणि हातात घड्याळ देते. अर्ध्या तासात पातं घशात किती सेकंद होतं आणि बाकीचा वेळ तो माणूस काय करत होता, हे त्याने लिहून आणायचं.