आईला सतत थकवा, अंगदुखी आणि रक्तात कॅल्शियम ११.२ आलंय. पॅराथायरॉइडमुळे असेल का?

असू शकतं. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यातली एखादी वाढली की तिचं संप्रेरक, म्हणजे पीटीएच, हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढतं. मग गळून गेल्यासारखं वाटणं, बद्धकोष्ठता, सारखी तहान, उदासी, कधी मुतखडा. 'वय झालं' म्हणून हे सगळं हमखास झटकलं जातं!

पीटीएच तपासा. कॅल्शियम ११.२, म्हणजे जास्त, असताना पीटीएच खाली दबलेलं हवं. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून आलं तरी इथे ते नॉर्मल नाही. उलट कॅल्शियम कमी आणि पीटीएच जास्त असतं, तर आधी ड जीवनसत्त्व नि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघावं लागलं असतं. एंडोक्रिनॉलॉजिस्टना, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरांना, दाखवा. तोवर कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका.