कच्च्या रस्त्यांसाठी गाडीत टॅबलेट लावावा की मोबाईल पुरेल?

तुमचा प्रश्न असा आहे की नागपूरच्या आसपास फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घेऊन कच्च्या रस्त्यांनी फिरायचं आहे, रेंज जाते, तर दहा इंची टॅबलेट घ्यावा का? मी गेली सहा वर्षं थारमध्ये टॅबलेट लावून फिरतो. घ्या, पण आठ इंची घ्या. दहा इंची मीही आधी घेतला होता. तो डॅशबोर्डवर बसवला की डावं चाक कुठे चाललंय तेच दिसत नाही, आणि नाल्यात उतरताना नेमकं तेवढंच बघायचं असतं.

विकत घेताना जीपीएस आहे का ते खोदून विचारा. सीताबर्डीत मला "हो ना भाऊ, मॅप चालते त्याच्यात" एवढंच उत्तर मिळालं होतं. मॅप तर वायफायवरही चालतो. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते, सिमवाल्यात असते, आणि सिम टाकलं नाही तरी ती काम करते. अँड्रॉइडमध्ये मॉडेलप्रमाणे फरक पडतो. दुकानाबाहेर उघड्यावर या, हॉटस्पॉट बंद करा आणि निळा ठिपका येतो का बघा. इंटरनेट नसताना पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात, तेवढा धीर धरा.

नकाशाचं म्हणाल तर गुगलचा ऑफलाइन नकाशा डांबरी रस्त्यापुरता ठीक आहे. पांदणीसाठी, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटांसाठी, ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर चालतात, घरून निघण्याआधी नकाशा उतरवून घ्यायचा. सर्वे ऑफ इंडियाच्या, म्हणजे सरकारी नकाशांच्या, १:५०,००० च्या शीटही मी टाकून ठेवल्या आहेत. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि टेकडीचा चढ त्यात छान कळतो. फक्त शीट जुनी असेल तर जपून. आंभोऱ्याकडे अशाच एका जुन्या शीटवरची बंडीवाट (बैलगाडीची वाट) धरून मी निघालो आणि वाट सरळ पाण्यात गेली. गोसीखुर्दचं बॅकवॉटर! शीट छापली तेव्हा धरण नव्हतं.

आता उन्हाचं बोलू, कारण आपल्याकडे टॅबलेट मरतो तो उन्हानं. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असं ऍपल स्वतःच सांगतं. मे महिन्यात आपल्याकडे सकाळी नऊलाच तेवढं होऊन जातं, दुपारी तर ४५. माझा टॅबलेट वेगळ्या कंपनीचा होता, समोरच्या काचेला व्हॅक्यूमच्या स्टँडवर चिकटवलेला. कुहीच्या पुढे दुपारी एकच्या सुमारास आधी स्क्रीन आपोआप मंद झाली. मला वाटलं ऊनच जास्त आहे. मग चार्जिंग थांबलं. मग तापमानाची पाटी आली आणि सगळं बंद. पाच मिनिटांनी व्हॅक्यूमची रबरी वाटीही सुटली आणि टॅबलेट धाडकन गिअरवर आला. तेव्हापासून स्टँड स्क्रूनं डॅशबोर्डला पक्का केला आहे, एसीच्या जाळीसमोर. गार हवा थेट टॅबलेटच्या पाठीवर बसते. जाड रबरी कव्हर उन्हाळ्यात काढून टाकतो. चार्जिंगनंही तो तापतो, म्हणून सकाळीच फुल करून घेतो आणि दुपारी वायर काढतो. गाडी उभी करून जेवायला गेलात तर टॅबलेट सोबत न्या. एका मित्रानं गार करायला बर्फाच्या डब्यात ठेवला होता, आत दव धरलं आणि पाचशेचा स्क्रीनगार्ड वाचला, टॅबलेट गेला.

चार्जर १२ व्होल्टच्या सॉकेटवरचा, १८ वॅटचा किंवा जास्तीचा घ्या. जुन्या गाडीच्या यूएसबीतून एवढी कमी वीज येते की वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत जाते. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर एकदा टॅबलेट आडवा आणि उभा करून बघा. एका बाजूनं स्क्रीन काळीठिक्कर दिसू शकते. मी उगाच सर्व्हिस सेंटरला चक्कर मारून आलो होतो.

एवढं सगळं नीट केलं तरी टॅबलेटला काळी माती दिसत नाही. ऑगस्टमध्ये मांढळच्या बाजूला दोन गावांमधली पांदण नकाशावर ठळक होती. उपग्रहाच्या चित्रातही पांढरी, कोरडी, रुंद. ही चित्रं बहुतेक निरभ्र महिन्यांतली असतात, पावसाळ्यात वर ढगच असतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. धुऱ्यावर एक काका बसले होते. त्यांना विचारलं, "काका, रस्ता आहे का?" म्हणाले, "आहे ना." दोनशे मीटरवर टायरच्या खाचा चिखलानं भरल्या आणि चाकं चोपडी झाली. फोर लो, म्हणजे चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर टाकला, चारही चाकं फिरून राहिली आणि गाडी जागच्या जागी. काका चालत आले. "भाऊ, तिथून बंडी नाही जात अन् तुमी मोटार घालून राह्यले?" मी म्हटलं, तुम्हीच तर रस्ता आहे म्हणालात. "रस्ता आहेच ना. पाण्याचं तुमी कुठं विचारलं?"

त्यांच्याच पुतण्याच्या ट्रॅक्टरनं बाहेर काढलं. तेव्हापासून मी "मोटारसायकल निघते का?" असं विचारतो. ट्रॅक्टरचं विचारून उपयोग नाही, त्याच्या खोल चाकोरीत आपल्या गाडीचं पोट टेकतं. मोटारसायकल निघत असेल तर खाली मुरूम आहे असं धरून चालतो.

जंगलातल्या वाटाही हे ॲप साध्या वाटेसारख्याच दाखवतात. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्यात परवानगीशिवाय गाडी घालाल तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, टॅबलेटवरची रेघ दाखवून सुटका होत नाही. आणि परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट फोन मागवू नका, आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

टॅबलेटचा खरा फायदा मला परतीला होतो. निघतानाच ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा, म्हणजे आपण गेलो ती वाट नकाशावर रेघ म्हणून उमटते, आणि त्या ॲपचं बॅटरी सेव्हर बंद ठेवा, नाहीतर स्क्रीन बंद होताच रेघ तुटते. अंधारात तुरीच्या वावरांमधून वाट काढताना आपलीच सकाळची रेघ धरून यायचं.

मोबाईल तरी ठेवाच, त्यावरही तोच नकाशा टाका. आणि अडकल्यावर मदतीला आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश कळवाल तेव्हा दशांश की अंश-मिनिटं ते स्पष्ट सांगा. माझ्या मेहुण्यानं फोनवर "एकवीस पंधरा" सांगितलं. होतं २१.१५, मी २१ अंश १५ मिनिटं असं टाकलं. फरक ११ किलोमीटरचा पडला, आणि तो दीड तास चिखलात उभा राहून मला शिव्या देत होता.