लेवीय 13 आणि तिच्या हातावरचे डाग

"मॅडम, माझ्या मुलीला पवित्र शास्त्रातलं कोड झालंय. आमच्या हातून काय चुकलं असेल?" खुर्चीत बसता बसताच आईने विचारलं. मुलगी एकोणीस वर्षांची, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून आलेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आधी बोटांवर, मग कोपरांवर पांढरे डाग आले. प्रार्थनासभेतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी मिर्यामची गोष्ट काढली: आपला भाऊ मोशे याच्याविरुद्ध बोलली आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं झालं. तेव्हापासून ही आई घरात पाप शोधत होती. प्याल्यातून दुसऱ्यांना लागेल या भीतीने सहा महिने तिने मुलीला प्रभुभोजनालाही (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) नेलं नव्हतं.

डॉक्टरांना दाखवलं होतं. निदान स्पष्ट होतं: विटिलिगो, म्हणजे आपण ज्याला कोड म्हणतो ते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, म्हणून डाग पडतात. स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो, तसा हिच्या डागांवर नव्हता. हे सगळं आईला पाठ होतं, तरी ती रात्री झोपत नव्हती. पवित्र शास्त्राच्या नावाने बसलेली भीती नुसत्या वैद्यकीय अहवालाने जात नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी म्हटलं, "ताई, पिशवीत बायबल आहे ना? काढा, लेवीय 13 वाचू." लेवीय हे बायबलच्या जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक.

गोंधळ शब्दाचा आहे. मूळ हिब्रू शब्द 'त्साराअत'. मराठीत त्याच्यासाठी कुठे कोड, कुठे कुष्ठ, कुठे महारोग असे शब्द आले, आणि आपण ते आजच्या आजारांना चिकटवले. पण त्साराअत कपड्यालाही होतो, चामड्यालाही. 14व्या अध्यायात तर घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस डाग पडतात आणि याजक, म्हणजे पुरोहित, ते तपासायला येतो. भिंतीला विटिलिगो कसा होईल? कुष्ठरोग तरी कसा होईल? ग्रीक भाषांतरकारांनी 'लेप्रा' हा खवल्यांच्या त्वचारोगाचा शब्द वापरला. पुढे तोच शब्द कुष्ठरोगाला लागला. 1873 मध्ये नॉर्वेच्या हान्सेनना ज्याचा जंतू सापडला, तो हा कुष्ठरोग.

त्या भिंतीच्या नियमात एक बारीक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. याजक येण्याआधी सामान बाहेर काढा, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. संसर्गाची भीती असती तर असं सांगितलं असतं का? इथे अशुद्ध म्हणजे उपासनेपुरता दूर. 12व्या अध्यायात बाळंतीणही अशुद्ध म्हटली आहे. बाळंत होणं पाप नव्हे, हे त्या आईला वेगळं सांगावं लागलं नाही.

"पण मिर्याम?" तिने विचारलंच. मिर्यामला शिक्षा झाली असं त्या गोष्टीत लिहिलंय, ते मी नाकारलं नाही. पण 13व्या अध्यायात माणूस डाग घेऊन येतो तेव्हा याजक काय पाहतो? केस पांढरे झालेत का, डाग कातडीपेक्षा खोल दिसतो का. ठरवता आलं नाही तर सात दिवस वेगळं ठेवून पुन्हा पाहतो. तू काय पाप केलंस, हे एकदाही विचारत नाही.

मग मी 38 आणि 39 ही वचनं मुलीला मोठ्याने वाचायला लावली. पुरुषाच्या किंवा स्त्रीच्या कातडीवर फिकट पांढरे डाग असतील तर ते साधे डाग, ती व्यक्ती शुद्ध आहे. इथे हिब्रूत शब्दच वेगळा आहे, 'बोहक'. तो आणि विटिलिगो एकच, असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक पांढरा डाग त्साराअत नव्हे, हे त्याच पानावर लिहिलेलं आहे.

मुलीने ते वचन पुन्हा एकदा, स्वतःशी वाचलं. आई म्हणाली, "हे आम्हाला कुणी दाखवलंच नाही."

औषधोपचार चालू ठेवायला सांगितले, आणि पाळकसाहेबांशी बोलायलाही. पुढच्या भेटीला मुलगी आली ती पूर्ण बाह्यांतच. पण रविवारी प्रभुभोजनाला आईच्या शेजारी उभी राहिली होती, हे तिने आपणहून सांगितलं.